वळिवड्याच्या बराकीतले शेतकरी

उत्साही : वळिवड्याच्या छावणीबद्दल कोल्हापुरात आजवर जे बोललं गेलं ते जवळपास सगळं एकाच चालीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित आले, कोल्हापूरने त्यांना आसरा दिला, पाच वर्षं राहिले, गेले. आता त्यांची म्हातारी झालेली मुलं येतात, जुनी जागा बघतात, डोळे पुसतात आणि आपण हार-नारळ देऊन त्यांचं स्वागत करतो. यात खोटं काही नाही. पण हे लोक आले त्याआधी कोण होते, हे आपण कधी विचारलंच नाही. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार माणसं राहिली. त्यातला मोठा हिस्सा शेतकरी कुटुंबांचा होता. पोलंडच्या पूर्व सरहद्दीवर, म्हणजे आजच्या युक्रेन आणि बेलारूसच्या पश्चिम भागात, छोट्या छोट्या वस्त्या करून ते राहत. या वस्तीला ते ओसादा म्हणत आणि तिथे राहणाऱ्याला ओसादनिक. १९४० च्या फेब्रुवारीत त्या वस्त्या एका रात्रीत रिकाम्या झाल्या आणि पुन्हा कधी भरल्या नाहीत. एक अख्खा शेतकरी समाज जगातून नाहीसा झाला. त्यातली माणसं गावासारखी एकत्र राहिली अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी एक आपल्या करवीर तालुक्यात आहे. हा इतिहास कोल्हापूरने लिहायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

शंकेखोर : कोल्हापूरने का? तिकडच्या मातीत पिकलेला समाज, तिकडच्या राजकारणाने उखडलेला. इथे तो पाच वर्षं थांबला, एवढाच आपला संबंध. आणि 'कोल्हापूरने आसरा दिला' हे जे तुम्ही सहज मान्य करून टाकलंत, तिथेच मला थांबायचं आहे. १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? राजाराम महाराज १९४० मध्ये वारले. त्यानंतर दत्तक घेतलेले शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते, कारभार रीजन्सीकडे होता आणि रीजन्सीच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. निर्वासितांना हिंदुस्थानात ठेवायचं हे ठरलं ते दिल्ली आणि लंडनमध्ये. खर्च उचलला लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारने. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी जे केलं त्यात एका राजाची स्वतःची इच्छा दिसते. वळिवड्यात तसा एक माणूस दाखवता येत नाही. मग आपण पाठ थोपटून घेतो ती कशाची? रेल्वेलगत मोकळा माळ होता, हवा बरी होती, पाणी जवळ होतं, म्हणून जागा निवडली गेली. सरकारी गरजेला आपण आदरातिथ्याचं नाव दिलं.

उत्साही : गादीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. राजाच्या दिलदारीची गोष्ट मलाही टिकाऊ वाटत नाही. पण निर्णय वरचा होता म्हणून खालचं जगणंही वरचंच होतं, असं होत नाही. कौलारू छपराच्या, तट्ट्याच्या भिंतींच्या बराकी उभ्या राहिल्या. दवाखाना, चर्च, प्राथमिक शाळांपासून हायस्कूलपर्यंत सगळं त्यात आलं. या लोकांना भाजी, दूध, कोळसा, कापड पुरवलं ते आसपासच्या गावांनी आणि शहरातल्या दुकानदारांनी. मोडकी का होईना, पोलिश बोलणारे विक्रेते इथे तयार झाले होते. पाच वर्षांची ही उठबस कोणत्याही फर्मानाने घडलेली नाही. तरीही तुम्हाला ती कोल्हापूरची म्हणायची नसेल तर नका म्हणू. माझा मुद्दा दुसराच आहे. आपण त्यांना निर्वासित म्हणून ओळखतो, म्हणजे त्यांचं आयुष्य आपण छावणीपासून मोजायला सुरुवात करतो. ते मागे न्या.

१० फेब्रुवारी १९४०. थंडी उणे तीस-चाळीसपर्यंत उतरलेली. सोव्हिएत फौजांनी सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड घेतला होता. आता गुप्त पोलीस दारावर आले. अर्धा तास, फार तर एक तास. काय घ्यायचं? जे वाचले त्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा त्याच वस्तू येतात : पिठाची पोती, पिसांच्या रजया, शिवणयंत्र. कुणी घाईघाईत कोंबड्या कापून सोबत घेतल्या. गोठ्यातल्या गाई धार काढायची वेळ झाली म्हणून हंबरत होत्या आणि घरचे लोक घसरगाडीत बसून स्टेशनकडे चालले होते. शेतकऱ्याच्या घराचा शेवट असाच होतो. बाकी सगळं बांधून नेता येईल, दावणीची जनावरं नेता येत नाहीत. त्या एका फेरीत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मालगाडीच्या डब्यांत घालून उत्तरेला आणि सैबेरियाला नेली गेली. पहिल्या फेरीत नेमकी धरली ती ओसादनिकांची आणि वनरक्षकांची कुटुंबं. म्हणजे तो घाला शेतकरी म्हणूनच त्यांच्यावर पडला होता.

शंकेखोर : शेतकरी म्हणून नाही, सैनिक म्हणून. इथे तुमच्या गोष्टीतला नायक जरा नीट बघा. ओसादनिक कुणी पिढीजात कुणबी नव्हते. १९१९ ते १९२१ पोलंड आणि बोल्शेविक रशिया यांच्यात लढाई झाली. त्या लढाईतल्या सैनिकांना सरहद्दीवर जमीन द्यावी असा कायदा पोलंडच्या संसदेने डिसेंबर १९२० मध्ये केला. एका माणसाला जास्तीत जास्त ४५ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकशे दहा एकर. आठ-नऊ हजार सैनिक असे वसवले. जमीन आली कुठून? जुन्या रशियन सरकारच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटींतून. आणि त्याच इस्टेटींच्या कडेला दोन-चार एकरांवर पिढ्यान्‌पिढ्या हाडं झिजवणारे युक्रेनियन आणि बेलारूसी शेतकरी होते. जमीनदार गेला तर तुकडा आपल्याला मिळेल, ही त्यांची आस. मिळाला तो बंदूक चालवलेल्या परक्या माणसाला. सरहद्दीवर आपली माणसं पेरायची, हा त्यामागचा सरकारी हेतूही उघड होता. हा समाज उगवला नाही, लावला गेला. आणि किती वर्षं टिकला? १९२१ ते १९४०. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांत लावलेल्या झाडाला फळ धरतं, समाज धरतो का? ज्याला तुम्ही नाहीसा झालेला शेतकरी समाज म्हणता तो एक सरकारी योजना होती. योजना आली, योजना गेली.

उत्साही : कोल्हापूरच्या माणसाने हे म्हणावं, राव? आपल्या जिल्ह्यात अर्ध्याअधिक गावांची नावं काढा, कुठल्या ना कुठल्या लढाईच्या इनामावर कुणी ना कुणी बसलेलं सापडेल. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला आजही सैनिक टाकळी म्हणतात. तलवारीच्या बदल्यात जमीन ही आपल्याला नवलाईची गोष्ट नाही. त्या जमिनीवरचा माणूस दोन पिढ्यांत कुणबी होतो आणि तलवार माळ्यावर जाते, हेही आपण बघितलंय. ओसादनिकांचं तेच झालं. पहिली काही वर्षं त्यांतले कितीतरी जण जमिनीत खणलेल्या खोपटांत राहिले. लढाईने उजाड झालेला, खंदक आणि काटेरी तारांनी भरलेला मुलूख होता तो. त्यांनी विहिरी पाडल्या, फळझाडं लावली, सहकारी दूधसंस्था काढल्या, शाळा बांधल्या. जमीन विकून किंवा खंडाने देऊन निघून गेलेलेही होते. जे राहिले ते शेतीत मुरले.

आणि एकोणीस वर्षांचं म्हणाल, तर समाज होण्याचं वय कोण ठरवणार? त्या वस्तीवर जन्मलेल्या पोराला १९४० साली अठरा वर्षं झाली होती. त्याला दुसरं गाव नव्हतंच. बापाला जमीन कशी मिळाली याचा जाब त्या पोराकडून घ्यायचा? वळिवड्याला आलेल्यांत पुरुष फार कमी होते, हे विसरू नका. बाप सैबेरियात मेले, तुरुंगात मेले किंवा १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या जनरल आंदेर्स यांच्या पोलिश फौजेत गेले. त्या फौजेबरोबर १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली ती बायका-मुलं. तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला आणि पाच हजार वळिवड्यात. योजना आखणाऱ्यांपैकी त्यांत कुणी नव्हतं.

शंकेखोर : पोरांकडून जाब मागत नाही मी. पण तुमचा इतिहास त्याच पोरांच्या तोंडून येणार आहे, ही अडचण तुम्हाला दिसत नाही. वळिवड्याबद्दल जी पुस्तकं आहेत, ज्या मुलाखती आहेत, त्या छावणीत शाळेत गेलेल्या मुलांच्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला गाव कसं आठवतं? बागेतलं सफरचंदाचं झाड, घोड्याचं नाव, नाताळचं जेवण, कुत्रा. खंड किती होता, सावकार कोण, शेजारच्या युक्रेनियन गावातला माणूस मजुरीला येताना काय मनात घेऊन यायचा, हे त्याला कुठून कळणार? त्या आठवणींत युक्रेनियन दोनच वेळा येतो : एकदा कामाला आणि एकदा लुटायला. त्यावर इतकी वर्षं विरहाची साय धरली आहे. शिवाय छावणीतल्या शाळांनी मुलांना जो पोलंड शिकवला तो तेव्हा उरलेलाच नव्हता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाकडे राहील यावर शिक्कामोर्तब झालं. मुलं नकाशावर ज्या गावावर बोट ठेवत होती ते परदेशात गेलेलं होतं. अशा शाळेतून आलेल्या आठवणीला इतिहास म्हणायचं की कैफियत?

उत्साही : कैफियत म्हणा. मराठ्यांच्या इतिहासातल्या कितीतरी गोष्टी आपल्याला कैफियतींवरूनच कळल्या आहेत. लिहिणारा आपली बाजू मांडतोय हे माहीत असलं की कैफियतही कामाला येते. आणि इथे ताडून बघायला दुसरी कागदपत्रं आहेत. कुणाला किती जमीन दिली याच्या पोलिश नोंदी आहेत. कुठल्या गाडीतून किती माणसं नेली याच्या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या याद्या आहेत, त्या सोव्हिएत राजवट गेल्यावर अभ्यासकांना बघायला मिळाल्या. युक्रेनियन गावांच्या आठवणीही आहेत. अडचण एवढीच की हे तीन ढीग तीन देशांत आणि तीन भाषांत पडले आहेत, आणि प्रत्येक देश आपलाच ढीग वाचतो. म्हणूनच मी म्हणतो कोल्हापूरने लिहावं. आपलं त्यात कुणाशीच नातं नाही, कुणाशीच वैर नाही.

तुम्ही मघाशी युक्रेनियन शेतकऱ्याची बाजू घेतलीत, ती मीही घेतो. पण तीही शेवटपर्यंत न्या. ओसादनिक गेल्यावर त्यांची जमीन सोव्हिएत सरकारने गावातल्या गरिबांना वाटली. ती त्यांच्याकडे किती दिवस राहिली? युद्ध संपल्यावर काही वर्षांतच सामुदायिक शेती आली आणि तोच तुकडा त्यांच्याही हातून गेला. जे आडवे आले ते सैबेरियाच्या त्याच रस्त्याने गेले. म्हणजे पोलिश सैनिकाला जमीन मिळाली तीही सरकारी मर्जीने, युक्रेनियन कुळाला मिळाली तीही सरकारी मर्जीने, आणि दोघांचीही गेली ती सरकारी मर्जीनेच.

शंकेखोर : आता तुम्ही दोघांना एका पारड्यात बसवून मोकळे झालात. इतकं सोपं नाही ते. १९४३ चा जुलै घ्या. इकडे वळिवड्याच्या बराकी भरत होत्या. तिकडे वोलिन प्रांतात युक्रेनियन बंडखोर सेना पोलिश गावांवर तुटून पडली होती. ११ जुलैच्या रविवारी तर लोक चर्चमध्ये असताना कितीतरी गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. त्या एका प्रांतात पन्नास-साठ हजार पोलिश माणसं मारली गेली, बहुतेक साधे खेडूत. कुऱ्हाडी आणि विळ्यांनी. सूडात युक्रेनियन खेडूतही हजारोंनी मेले. या कत्तलीचं मूळ फक्त ओसादनिकांच्या जमिनीत आहे असं मी म्हणणार नाही. मेले त्यांतले बहुसंख्य ओसादनिक नव्हतेच, ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच होते. ओसादनिक तर तीन वर्षं आधीच सैबेरियाला गेले होते. आणि इथेच गोष्ट अवघड होते. ज्यांना स्टॅलिनने उचलून नेलं त्यांतली जी माणसं थंडी-भुकेतून वाचली ती वळिवड्यात भाजी निवडत बसली होती. ज्यांना मागे ठेवलं ती कापली जात होती. हद्दपारीने काहींचा जीव वाचला, हे वाक्य तुमच्या इतिहासात कुठे लिहिणार? स्मारकावर?

उत्साही : स्मारकावर नाही, पण पुस्तकात लिहीन. आणि त्याच्या पुढचंही लिहीन. तुमच्या बोलण्यातून माझं मलाच जरा स्पष्ट झालं. मी एका समाजाच्या नाहीसं होण्याबद्दल बोलत होतो. नाहीसं झालं ते त्याहून मोठं होतं. वोलिनच्या त्या मुलखात पोलिश होते, युक्रेनियन होते, बाजारपेठांच्या गावांत ज्यू होते, जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या, हॉप्स पिकवणारे झेक होते. बाजाराच्या दिवशी पाच भाषा ऐकू यायच्या. जर्मनांना १९४० च्या सुरुवातीला हिटलर-स्टॅलिन करारानुसार हलवलं. ज्यूंना नाझींनी संपवलं. पोलिशांना आधी स्टॅलिनने, मग बंडखोरांनी, आणि उरल्यासुरल्यांना १९४४ ते १९४६ च्या अदलाबदलीने काढलं. झेकही युद्धानंतर गेले. आणि १९४७ मध्ये पोलंडने आपल्या बाजूच्या युक्रेनियनांना घरं सोडायला लावून देशाच्या दुसऱ्या टोकाला विखुरलं. सात-आठ वर्षांत सगळा शेजारच उठला. ओसादा हा त्या शेजारातला एक तुकडा, तोही सगळ्यात नवा आणि सगळ्यात भांडणाचा. तो एकटा उचलून त्याच्यावर पुस्तक लिहिणं बरोबर नाही, हे मला पटलं.

शंकेखोर : मग आता इकडे या. गावं नाहीशी होण्याचा अभ्यास करायला कोल्हापूरच्या माणसाला वोलिनपर्यंत जायची गरज नाही. शाहूवाडी तालुक्याच्या टोकाला, वारणेच्या उगमाकडे जा. गोठणे, निवळे, झोळंबी, रुंदीव. ही नावं नवीन नकाशात शोधा. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, काही गावं पाण्याखाली गेली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि उरलेल्या गावांनाही उठावं लागलं. डोंगरउतारावर नाचणी, वरी, भात करणारी, हिरडा गोळा करणारी माणसं होती ती. वासे, कौलं, दारांच्या चौकटी ट्रकमध्ये घालून खाली आली. खाली काय मिळालं? ज्या माणसाला उसाला पाणी कसं द्यायचं हे माहीत नाही त्याला उसाच्या पट्ट्यात प्लॉट. काहींना जमीन, काहींना नुसता कागद. विस्थापितांच्या संकलन रजिस्टरला नाव लागलं का, पर्यायी जमिनीसाठी मोबदल्यातली पासष्ट टक्के रक्कम भरली का, अठरा नागरी सुविधांपैकी किती आल्या, या प्रश्नांत एक पिढी म्हातारी झाली. जुन्या गावच्या देवाला जायचं तर वनखात्याची परवानगी. कलेक्टर कचेरीसमोर आठवडेच्या आठवडे ठिय्या देऊन बसलेली ही माणसं कोल्हापूरने बघितली आहेत. बघितली म्हणजे रस्ता बदलून गेलो आपण.

२०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री वळिवड्याला आले तेव्हा सगळं शहर भारावलं होतं. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, त्याचा आपल्याला अभिमान वाटला. वाटू दे. पण रुंदीवच्या माणसाचं स्मारक कुठे आहे? आपल्याला दूरचं दुःख आवडतं, कारण त्याची भरपाई आपल्याला द्यायची नसते.

उत्साही : हा टोला मला लागला, आणि लागावा तसाच लागला. पण त्यातून 'म्हणून वळिवडे विसरा' असं निघत नाही. उलट वळिवड्याच्या लोकांनी जे केलं ते चांदोलीच्या लोकांसाठी कुणीच केलं नाही, हे निघतं. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड असे चहूकडे पांगल्यावरही त्यांनी संघटना बांधली, भेटत राहिले, कागद जपले, हिंदुस्थानातल्या दिवसांवर जाडजूड पुस्तक काढलं. याला कारण आहे. छावणीतलं प्रत्येक पोर लिहायला-वाचायला शिकलं, शाळा, चर्च, बालवीर पथकं यांतून त्यांना एकत्र राहायची सवय लागली. एका परागंदा सरकारने मास्तर पुरवले. चांदोलीच्या गावांना एकत्र एक वसाहतही धड मिळाली नाही. एक गाव दोन-तीन ठिकाणी फुटलं. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, धरणग्रस्तांचं जगणं त्यामुळे मराठी वाचकाच्या घरात आलं. पण कादंबरी म्हणजे नोंद नव्हे. नोंद कुणी ठेवली?

भरपाईचं म्हणाल तर पोलंडच्या पूर्वेकडून उठलेल्यांचीही परवड झाली. गेलेल्या मालमत्तेच्या बदल्यात काहीतरी देऊ, असं पोलंडने युद्ध संपतानाच कबूल केलं होतं. कित्येकांना ते मिळालंच नाही. शेवटी प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं, २००४ मध्ये पोलंडच्या विरोधात निकाल लागला आणि २००५ मध्ये कायदा झाला : किमतीच्या वीस टक्के. साठ वर्षांनी, वीस टक्के, तेही पोलंडचं नागरिकत्व असलेल्यांना. हे आपल्या धरणग्रस्तांनी ऐकलं तर त्यांना नवल वाटणार नाही.

शंकेखोर : बरोबर, आणि या हिशेबातून तुमच्या ओसादनिकांबद्दलची माझी शंका पुन्हा वर येते. पोलंडने भरपाई दिली ती त्यांची जमीन त्यांचीच होती असं धरून. युक्रेनियन कुळाला कुणी विचारलं नाही. आपल्याकडेही तेच बघा. चांदोलीच्या गावांत सातबारा ज्याच्या नावावर त्याचं नाव संकलनात. जो दुसऱ्याच्या रानात राबत होता, जो नुसता जंगलावर जगत होता, त्याचं काय? तुम्ही उद्या गोठण्याचा इतिहास लिहिलात तर तोही सातबाऱ्यावरच्या लोकांचा होईल. गाव नाहीसं झालं की गावातली भांडणंही नाहीशी होतात आणि उरतं ते गोड गाव. सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असं. मला त्या गोडव्याची भीती वाटते. बलुतेदाराला विचारा, गावकुसाबाहेरच्याला विचारा, कुठलं गाव गोड होतं? शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं खालसा केली ती गाव गोड होतं म्हणून नव्हे.

उत्साही : तुमची भीती रास्त आहे, पण तिचा उपाय न लिहिणं हा नाही. कुणी लिहिलंच नाही तर गोड गावच उरणार, कारण आठवण आपोआप गोड होत जाते. तुम्ही म्हणता ती भांडणं कागदावर आणायची तर ती आठवणाऱ्याला गाठावं लागेल. ओसादाच्या बाबतीत तो माणूस जवळपास हातचा गेला. १९४० मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आता पंचाण्णवच्या पुढे आहे. वळिवड्याच्या बाजूने बघायचं तर छावणीत दूध घातलेला, पोलिश बाईला भाजी विकलेला माणूसही आता सापडणं कठीण. १९४८ नंतर त्याच बराकीत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली, त्या जागेचं गांधीनगर झालं, आज तिथे कापडाचा ठोक बाजार आहे. रिकाम्या बराकीत पाऊल ठेवलं तेव्हा तिथे काय पडलं होतं, हे सांगू शकेल असं माणूस गांधीनगरात कुणी उरलं असेल तर ते नव्वदीच्या घरात असेल. त्यांना आज विचारलं पाहिजे. मी वळिवड्यापासून सुरुवात करीन ती एवढ्यासाठी.

शंकेखोर : मी नाही करणार. तुमच्याच हिशेबाने बघा. वळिवड्याची पुस्तकं झाली, मुलाखती झाल्या, स्मारकं झाली, कोल्हापुरात महावीर उद्यानात एक आहे, वॉर्सात एक आहे. तिथे अजून एक आठवण मिळाली तर भर पडेल, नाही मिळाली तर फार काही बुडणार नाही. चांदोलीतून उठताना जो तिशी-पस्तिशीचा होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याला बांध आठवतो, वाटणीचं भांडण आठवतं, कुणाचं कूळ कुणाकडे होतं ते आठवतं, कुठल्या घराला गावाने पाणी बंद केलं होतं तेही आठवतं. त्याला गाठायला पासपोर्ट लागत नाही. वारणेच्या आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या पुनर्वसन वसाहतींत तो बसलेला आहे. तुमच्या ओसादनिकांच्या पोरांनी सगळ्यात मोठी चूक कुठली केली असेल तर ती ही, की बापांना विचारायचं राहून गेलं. बाप होतेच कुठे विचारायला. इथे ते आहेत.

उत्साही : मग असं करू. तुम्ही चांदोलीकडे जा, मी वळिवड्याला जातो. पण दोघांनी प्रश्न एकच विचारायचा आणि तो तुमचा : तुमची जमीन तुमच्या आधी कुणाची होती?

शंकेखोर : तो प्रश्न वळिवड्यातही विचारा, आणि फक्त पोलिश लोकांना नको. छावणी उभी राहिली तो माळ त्याआधी कोण वहिवाटत होतं, हे आपल्याच दप्तरात बघायचं आहे. तलाठ्याकडे, भूमी अभिलेखात, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करा. आणि ज्यांच्या घरी चांदोलीच्या जुन्या गावांचे उतारे, खंडाच्या पावत्या, वाटणीपत्रं, देवस्थानाच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. भांडणाची कागदपत्रं तर मुळीच नयेत.